माय, खापर आणि कॅमेरा

आमच्याकडे मांडा हातावर मोठा होतो. पुरण भरलेला उंडा आधी बोटांनी थापायचा. पुरीएवढा झाला की उचलून हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर, मनगटाकडून कोपराकडे असा खेळवत न्यायचा की तो आपल्याच वजनानं पसरत जाईल. फाटायच्या जरा आधी चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर सोडून द्यायचा. हे शिकवता येत नाही. मला आलं नाही, माझ्या भावजयीला आलं. बोरीकाठच्या आमच्या गावात, अमळनेर तालुक्यात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माय एका बैठकीत चाळीस-पन्नास मांडे करायची, आणि सासरहून आलेल्या आम्ही लेकी झोक्यावर बसून आमरस कधी वाढतात याची वाट पाहायचो.

सात-आठ वर्षांपूर्वी मांडे लहान व्हायला लागले.

पहिल्या वर्षी आम्ही गव्हाला दोष दिला. दरवर्षीचा लोकवन नव्हता, दुसराच कुठला तरी आणला होता. दुसऱ्या वर्षी मायच म्हणाली की पीठ भिजलं नाही. तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की पहिले चार मांडे नेहमीसारखे झाले, मग पाचवा जरा लहान, दहावा पुरणपोळीएवढा, आणि पंधराव्यानंतर ती उठूनच गेली. कुणाशी काही बोलली नाही. हात धुऊन ओट्यावर जाऊन बसली. उजवा हात मांडीवर होता, आणि अंगठा तर्जनीवर असा घासत होता जसं कुणी जपाचे मणी ओढतंय.

तो पार्किन्सन निघाला. नंतर वाचलं की या आजारात माणसाचं अक्षर लहान होत जातं. ओळीच्या सुरुवातीला नीट असतं, शेवटाकडे मुंगीएवढं. आमची माय चौथी शिकलेली. तिचं अक्षर कोण पाहणार होतं? तिचं अक्षर खापरावर होतं.

आता मागे वळून पाहिलं की खुणा कितीतरी आधीच्या दिसतात. एकदा ती चुलीशेजारी बसलेली असताना दाळ करपली आणि तिला वास आला नाही. भावजय हसून म्हणाली होती, ‘माय, नाक कोठे ठेवी उन्यात?’ रात्री झोपेत ओरडायची, हातपाय झाडायची. एकदा तिनं दादांनाच, आमच्या वडिलांना, लाथ मारली. गावात कुणी बाहेरचं म्हणालं, तर दंडाला दोरा आला. बद्धकोष्ठ तर इतकं जुनं की त्याला आम्ही तिचा स्वभावच समजायचो. वास जाणं, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणं, पोट आखडणं ही तिन्ही लक्षणं कंपाच्या कितीतरी वर्षं आधी येऊ शकतात. हात थरथरायला लागेपर्यंत मेंदूच्या बुडाशी असलेल्या काळसर पट्ट्यातल्या, सब्स्टॅन्शिया नायग्रातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या अर्ध्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात. नायग्रा म्हणजे काळी. आमच्याकडे शेतालाही काळीच म्हणतात. हे कळलं तेव्हा मला उगाचच कपाशीचं उजाड रान दिसलं.

निदानाची गोष्ट लांबवत नाही. वर्षभर एका डॉक्टरांनी खांदा आखडल्याचं औषध दिलं. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, खांदा आखडलेलाच होता. हात नुसता बसल्यावर हलायचा आणि काम धरलं की थांबायचा, म्हणून घरातले म्हणायचे की हिला कामात ठेवा. शेवटी नाशिकला मेंदूविकारतज्ज्ञांनी तिला चार पावलं चालायला लावलं, मनगट वळवून पाहिलं, अंगठा-तर्जनीची चिमूट उघड-मीट करायला सांगितली आणि दहा मिनिटांत नाव सांगितलं. गावात त्याचा ‘लकवा’ झाला. मायनं मात्र त्या दिवशी एसटीत बसल्या-बसल्या जे सांगितलं त्याहून नेमकं मी आजवर कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. ‘हात मना शे,’ ती म्हणाली, ‘पन ऐकस दुसरानं.’

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर पहिला निबंध लिहिला. त्यात रुग्ण सहाच. त्यातले काही त्यांना रस्त्यात भेटलेले, आणि एकाला तर त्यांनी नुसतं लांबून पाहिलं होतं. तरीही वर्णन इतकं अचूक की आजही वाचताना आपला माणूस डोळ्यांसमोर येतो. मला त्या लांबून पाहिलेल्या माणसाचं फार वाटतं. पुढे झुकून, भरभर पाय टाकत तो आपल्या वाटेनं गेला असेल, आणि आपण शास्त्रात जाऊन बसलो हे त्याला कधी कळलंही नसेल. नंतरच्या दोनशे वर्षांत किती शोध लागले! पण संशोधक आणि रुग्ण यांच्यातलं ते रस्त्याएवढं अंतर बराच काळ तसंच राहिलं.

औषधाचंच पाहा. लेव्होडोपा हे आजही या आजारातलं मुख्य औषध. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी खाजकुइलीच्या बियांतून ते वेगळं काढल्याचं प्रसिद्ध केलं होतं. हीच ती खाजकुइली, शेंगेवरची कुसं अंगाला लागली की लहानपणी आम्ही रडून गाव गोळा करायचो. आयुर्वेदात कंपवातावर तिच्या बिया दिल्या जात. पण डोपामिनचा आणि या आजाराचा संबंध जुळायला १९५७ नंतरची वर्षं उजाडली. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी ते काम केलं, त्यांना २००० साली नोबेल मिळालं. पुढे व्हिएन्नात दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असल्याचं ओले होर्निकिएविच यांनी दाखवलं आणि १९६७ च्या सुमारास गोळ्या खऱ्या अर्थानं हाती आल्या. म्हणजे बी होतं, तिचा उपयोग जाणणारे होते, रसायन ओळखणारे होते. सगळे आपापल्या ओट्यावर.

(खाजकुइलीचं पाहून कुणी घरी प्रयोग करू नका. एका नातेवाइकानं प्रेमापोटी मायला गोळ्यांच्या जोडीला चूर्ण सुरू केलं. दोन रात्री उलट्या, आणि तिसऱ्या दिवशी मान व खांदा असे वळवळायला लागले की तिच्यापेक्षा आम्हीच घाबरलो. बीमध्ये औषध खरंच असतं, म्हणूनच ते मोजल्याशिवाय घ्यायचं नाही.)

माझी भाची पुण्यात शिकते. तिच्यामुळे तिथल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाचं नाव कळलं. एकदा मायला महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याला नेलं आणि तिथल्या रुग्णांमध्ये बसवलं. लोक मनमोकळे होते, एकमेकांच्या कंपाची थट्टा करत होते, गाणी म्हणत होते. मायला आवडलं, पण ती बोलली नाही. या आजारानं आवाज आधीच खोल गेलेला, त्यात बोली अहिराणी. परतताना मनमाडला चहा पिताना म्हणाली की तिथले लोक चांगले, पण सगळे मास्तर वाटतात.

तिथंच एक तरुण संशोधक भेटली. ती आवाज आणि चालणं यांवर काम करते. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. ती सहज म्हणाली की आमच्याकडे येणारे रुग्ण बहुतेक शहरातले असतात. मी म्हटलं, मग तुम्ही या.

आणि ती आली.

चैत्रातला रविवार, धुळ्याच्या देवपूर भागातलं एक छोटं सभागृह, कूलरची घरघर. अकरा घरं आली होती. शिरपूर, साक्री, पारोळा, एक जण पार शहाद्याहून. संशोधक बाईंचा बेत नेटका होता. दहा ते एक नोंदणी, संमतीपत्र, आवाजाची नोंद, चालण्याचं चित्रण. मग जेवण. जेवणाला आम्ही वरण-बट्टी ठेवली होती.

बेत संमतीपत्रावरच अडला. सहा पानं, शेवटी सही. साक्रीच्या निवृत्त ग्रामसेवक आप्पांनी पेन खाली ठेवलं. त्यांची सही आता जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून बँकेनं पैसे काढायची स्लिप दोनदा परत केली होती. चौतीस वर्षं ज्यांच्या सहीवर गावाचे दाखले निघाले, त्यांना काउंटरवर सगळ्यांदेखत सांगण्यात आलं की काका, अंगठा लावा. ‘इथंही जुळवून पाहणार का?’ त्यांनी विचारलं. बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. नोंदणी तिथंच संपली. पण मला वाटतं, दिवस खरा तिथून सुरू झाला.

मग आवाजाची नोंद. वाचायला दिलेला उतारा पुस्तकी मराठीत, त्यात ‘पर्जन्यमान’ असा एक शब्द. माय त्या शब्दापाशी थांबली, मागे गेली, पुन्हा थांबली. बाई यंत्राकडे पाहत होत्या. मी हळूच म्हटलं की ही अडखळ आजाराची नाही, ‘पर्जन्यमान’ची आहे. खोलीत हशा पिकला. बाई हसल्या, मग गप्प झाल्या. नंतर म्हणाल्या की अशा किती अडखळी मी आजाराच्या खात्यात लिहिल्या असतील! उतारा बाजूला गेला. त्यांनी मायला मांडे कसे करतात ते सांगायला लावलं आणि माय सहा मिनिटं बोलली. गेल्या दोन वर्षांत तिला सलग इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

साडेबाराला कुणाचा तरी मोबाइल वाजला. मग दुसरा. मग चार-पाच एकदम, कुणाचा गजर, कुणाची आरती, कुणाचं झुमझुम अहिराणी गाणं. गोळीची वेळ. लेव्होडोपा आणि जेवणातली प्रथिनं यांची आतड्यातून रक्तात जाताना आणि पुढे मेंदूत शिरताना चढाओढ लागते, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास तरी घ्यावी लागते. डाळीवर जगणाऱ्या आपल्या घरात हे सोपं नाही. आमच्या भावजयीनं तर मायचं वरण रात्रीच्या जेवणात नेलंय, दुपारी नुसती भाकरी-भाजी. चिठ्ठीवर ‘जेवणाआधी’ एवढा एकच शब्द असतो. त्या शब्दानं अख्ख्या स्वयंपाकघराचं वेळापत्रक कसं बदलतं, हे त्या दुपारी बाईंनी गार होत चाललेल्या बट्ट्यांकडे पाहत ऐकलं. त्यांचा चालण्याच्या चित्रणाचा गट अर्धा गोळी चढलेला, अर्धा उतरलेला. आकडेवारीच्या दृष्टीनं सगळा घोटाळा. त्यांनी वहीत प्रत्येकाच्या नावापुढे गोळीची वेळ लिहायला घेतली.

पारोळ्याकडचे जिभाऊ निवृत्त पोस्टमन. दारातून आत येताना उंबऱ्यापाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटले. मुलगा हात ओढत होता. जिभाऊ म्हणाले, ‘ओढू नको रे, पडसू.’ मग त्यांच्या बायकोनं पुढे होऊन आपलं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेवलं. ते ओलांडून जिभाऊ आरामात आत आले. घरी म्हणे तिनं खाटेपासून न्हाणीपर्यंत खडूनं आडव्या रेघा मारल्यात. कुणी शिकवलं? कुणीच नाही. फरशीच्या सांध्यांवरून ते नीट चालतात हे तिनं पाहिलं होतं.

जेवताना जिभाऊ सहज बोलून गेले की चालता येत नसलं तरी सायकल चालवता येते. मुलगा चिडला, कारण त्यानं सायकल कुलपात ठेवली होती. पण बाईंचा घास हातात राहिला. नेदरलँड्समधल्या निमेगेनच्या बास ब्लूम यांनी २०१० साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात असाच एक रुग्ण चित्रफितीसह मांडला होता. चालायला लागला की पडणारा माणूस सायकलवर बसवला तर झकास चालवत गेला. जगभरच्या तज्ज्ञांना नवल वाटलं होतं. जिभाऊंना आपल्यासारखा एक जण परदेशात आहे याचा आनंद झाला. मग म्हणाले, ‘मला दवाखान्यात चाल म्हणतात. सायकलचं कोणी विचारलंच नाही.’

जॉय मिल्न यांची गोष्ट बाईंनी तिथंच सांगितली. स्कॉटलंडमधल्या निवृत्त परिचारिका. नवऱ्याच्या अंगाचा वास बदलल्याचं त्यांच्या निदानाच्या कितीतरी आधी लक्षात आलेलं. पुढे रुग्णांच्या एका मेळाव्यात सगळ्यांचाच तो वास आला. एडिंबराच्या एका व्याख्यानात त्यांनी टिलो कुनाथ या संशोधकाला वासाबद्दल विचारलं, तेव्हा त्याला आधी प्रश्नाचा रोखच कळला नाही. मग कधीतरी त्याला तो आठवला, आणि मिल्न यांचा शोध घेऊन त्यांना बारा जणांचे टी-शर्ट हुंगायला दिले. सहा रुग्णांचे, सहा निरोग्यांचे. सगळे रुग्ण त्यांनी ओळखले, वर एका निरोग्यालाही रुग्ण ठरवलं. काही महिन्यांनी त्या ‘निरोग्या’लाच पार्किन्सन निघाला. आता त्वचेवरच्या तेलकटपणातून आजार ओळखण्याचं काम मँचेस्टरला चालू आहे. गोष्ट संपल्यावर माझी भावजय हळूच म्हणाली, ‘आपल्याकडे उलटं झालं. मायचा वास आपल्याला नाही, दाळीचा वास मायला आला नाही.’ बाईंनी तेही लिहून घेतलं.

ब्रिटनमध्ये रुग्ण, घरचे लोक आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून संशोधनानं आधी काय शोधावं याची यादी केली होती. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. पहिला क्रमांक तोल जाण्याचा आणि पडण्याचा. पहिल्या दहांत झोप होती, लघवीचा त्रास होता, हातांचं बारीक काम होतं. धुळ्याच्या त्या सभागृहातही थरथरीबद्दल कुणी पहिलं बोललं नाही. रात्री कूस बदलता येत नाही, हे पहिलं आलं. पंगतीत बसायची लाज वाटते, हे दुसरं. शहाद्याच्या वहिनी बोलल्या त्या सासऱ्यांना रात्री चार वेळा उठवण्याबद्दल, आणि बोलता-बोलता थांबल्या, कारण आपण तक्रार करतोय असं त्यांना वाटलं.

फवारणीचा प्रश्न येणारच होता. कापूस आणि केळीचा मुलूख आमचा. शिरपूरच्या एका पोरानं विचारलं, ‘मॅडम, बापानं तीस वर्षं पाठीवर पंप घेऊन औषध मारलं. त्याच्यामुळेच ना?’ आमच्याकडे फवारणीलाही औषधच म्हणतात. बाईंनी घाईनं हो म्हटलं नाही, उडवूनही लावलं नाही. अमेरिकेत शेती करणाऱ्या कुटुंबांवरच्या २०११ सालच्या अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरलेल्यांमध्ये हा आजार सुमारे अडीचपट आढळला, हे सांगितलं. फ्रान्सनं २०१२ साली कीटकनाशकांशी संबंध आलेल्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला, हेही. पण धोका वाढणं म्हणजे तुमच्या वडिलांच्या बाबतीत तेच कारण, असं एका माणसाकडे पाहून सांगता येत नाही. पोराला ते पटलं नाही. मलाही त्या क्षणी पटलं नाही, खरं सांगते. पण खोटं ऐकण्यापेक्षा बरं होतं. मग बाईंनी मुंबईच्या पारशी वसाहतींची हकीकत सांगितली. तिथं घरोघर जाऊन केलेली पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली, आणि लाखामागे ३२८ असं प्रमाण निघालं. ते लोक दार उघडून बसले, म्हणून मोजता आलं. पोरगा म्हणाला, ‘मग आमच्या गावाला या. दारं उघडीच असतात.’

२००६ साली वॉशिंग्टनला जागतिक पार्किन्सन काँग्रेस पहिल्यांदा भरली. शास्त्रज्ञ, डॉक्टर, रुग्ण सगळे एकाच छपराखाली. तेव्हापासून ती ग्लासगो, माँट्रियल, क्योटो, बार्सिलोना अशी फिरतेय. बाई त्याबद्दल सांगत होत्या आणि माय ऐकत होती. ती इतका वेळ मन लावून ऐकतेय म्हणून मला बरं वाटलं. मग तिनं विचारलं, ‘तठे मांडा करता येतंस का कोनले?’

बाईंनी जाताना तिला विचारलं, मावशी, औषधानं नेमकं काय सुधारलं पाहिजे तुमचं? मायनं विचारही केला नाही. ‘माले आखाजीले मांडा कराना शेतस.’

बाईंच्या मोजमापात चिमटीची उघड-मीट असते. दहा वेळा, जमेल तेवढी मोठी, जमेल तेवढी भरभर. दहाव्यापर्यंत चिमूट किती लहान होते ते पाहायचं. मायनं ती धुळ्यालाही करून दाखवली होती, कंटाळून. बसमध्ये बसायच्या आधी बाई थबकल्या आणि मला म्हणाल्या, ‘आखाजीला मी आले तर चालेल? चित्रण करायला.’ मायला कळलं. तिनं वेळ ठरवून दिली. गोळी आठला. साडेआठला हात मोकळा होतो, साडेदहाला जड व्हायला लागतो. लवकर आलीस तर चांगले मांडे दिसतील, उशिरा आलीस तर आजार दिसेल, तुले काय पाहिजे ते सांग.

बाई दोन्ही पाहायला आल्या. आदल्या रात्रीच.

अंगणात चूल पेटली, खापर चढलं. तिपाईवर कॅमेरा. भावजय उंडे भरत होती, मी लाकडं सारत होते. बाईंनी स्टीलची पट्टी आणली होती. प्रत्येक मांडा खापरावर पसरला की वरून पट्टी धरायच्या आणि वहीत आकडा लिहायच्या. पहिला मोठा. दुसरा त्याहून मोठा, माय हसली. चौथ्यापर्यंत झोक्यावरच्या पोरी जमा झाल्या होत्या. सातव्याला कड फाटली. आठवा पट्टीत बसेल एवढा झाला. मायच्या कपाळावर घाम होता, ओठ आवळलेले, पण हात अजून पिठाकडेच जात होता. नववा हातावरच अडकला, तिनं तो मोडून पुन्हा उंडा केला, पुन्हा घेतला.

दहावा खापरावर पडला तो तळहाताहून थोडा मोठा. बाई पट्टी घेऊन पुढे वाकल्या. मायनं उलथन्यानं पट्टी बाजूला सारली, मांडा काढला, घडी घातली आणि ताटलीत त्यांच्यापुढे केला.

‘हाऊ मोजू नको,’ ती म्हणाली. ‘हाऊ तुना शे. गरम शे तवर खाई ले.’